ढालीवरचा सिंह आणि महजरावरचा नांगर

लंडनच्या किंवा एडिंबराच्या बाजारपेठेत हिंडणाऱ्या प्रवाशाला एका प्रकारची दुकाने हमखास आढळतात. चहाचे पेले, किल्ल्यांच्या साखळ्या, भिंतीवर टांगायच्या लाकडी ढाली तेथे मांडून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एक आडनाव व त्या आडनावाचे म्हणून एक 'कोट ऑफ आर्म्स' रंगविलेले असते. आपले आडनाव शोधावे, पैसे मोजावेत आणि घराण्याचे कुलचिन्ह पिशवीत घालून घरी न्यावे, इतका तो सोपा व्यवहार आहे. या हौसेचे वारे आता मराठी घरांतही शिरले आहे. परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे आणि त्यांचे पाहून येथील काही हौशी कुलमंडळे स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेवर दोन सिंहांनी तोललेली ढाल, वर मुकुट आणि खाली फितीवर संस्कृत ब्रीदवाक्य अशी रचना छापू लागली आहेत. संगणकावर ती तासाभरात तयार होते.

मौज अशी की, ज्या देशाचे हे अनुकरण, त्या देशाच्या रिवाजानुसार आडनावाला कुलचिन्ह नसतेच. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह असते ते एका विशिष्ट व्यक्तीचे. ते तिला राजसत्तेच्या अधिकाराने मिळालेले असते किंवा ज्याला ते मिळाले होते त्याच्यापासून अखंड पुरुषपरंपरेने तिच्याकडे आलेले असते. एका स्मिथला चिन्ह मिळाले म्हणून दुसऱ्या स्मिथला ते वापरता येत नाही. शेजाऱ्याचे नाव आपल्यासारखे आहे म्हणून त्याच्या सातबाऱ्यावर कोणी हक्क सांगू लागला तर जे होईल, तेच येथेही. दुकानात विकला जातो तो कोणा एका स्मिथचा वारसा. विकत घेणाऱ्या स्मिथचा त्याच्याशी बहुधा काहीही संबंध नसतो.

हा हक्क किती गंभीरपणे घेतला जात असे, हे पाहण्यासाठी चौदाव्या शतकातील एक दावा पाहण्यासारखा आहे. १३८५ साली दुसरा रिचर्ड राजा स्कॉटलंडवर स्वारीला निघाला. त्या सैन्यात रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या ढालींवर एकच चिन्ह निघाले : निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तिरका पट्टा. स्क्रोपने फिर्याद केली. खटला चार-पाच वर्षे चालला आणि शेकडो साक्षीदार तपासले गेले. त्यांत इंग्रजी काव्याचा आद्य पुरुष मानला जाणारा जेफ्री चॉसरही होता. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना हे चिन्ह एका घराबाहेर टांगलेले पाहून ही स्क्रोपची उतारशाळा का, असे आपण विचारले. तेव्हा ते ग्रोव्हनर नावाच्या कोणाचे आहे असे उत्तर मिळाले, आणि ते नाव आपण तेव्हा प्रथमच ऐकले, अशी त्याची साक्ष आहे. १३९० साली राजाने स्क्रोपच्या बाजूने अखेरचा निकाल दिला. ग्रोव्हनर घराण्याने मग सोनेरी गव्हाची पेंढी हे चिन्ह घेतले. आजचे वेस्टमिन्स्टरचे ड्यूक त्याच घराण्यातले. पण हरलेला दावा घराणी विसरत नाहीत. एकोणिसाव्या शतकात या ड्यूकच्या एका घोड्याचे नाव 'बेंड ऑर', म्हणजेच 'सोनेरी तिरका पट्टा', असे ठेवले होते आणि त्या घोड्याने १८८० सालची डर्बी जिंकली. जवळजवळ पाचशे वर्षांनी का होईना, ग्रोव्हनरांचा पट्टा मैदानात उतरला!

या व्यवस्थेचा कारभार पाहणारे 'कॉलेज ऑफ आर्म्स' १४८४ साली तिसऱ्या रिचर्डच्या सनदेने स्थापन झाले आणि ते आजही लंडनमध्ये काम करते. त्यातील अधिकाऱ्यांना 'हेराल्ड' म्हणतात. मूळचे हे लोक आपल्याकडील भाटांसारखे. झुंजीच्या मैदानात चिलखताआड झाकलेला वीर कोण, त्याचे घराणे कोणते, हे ढालीवरून ओळखून पुकारणारे. पुढे ते दप्तरदार झाले. १५३० पासून १६८८ पर्यंत हेराल्ड मंडळी परगण्या-परगण्यांतून फिरत, घराण्यांच्या वंशावळी तपासत आणि ज्यांचा हक्क सिद्ध होत नसे त्यांची चिन्हे रद्द ठरवीत. शेक्सपिअरच्या वडिलांना चिन्हाची मंजुरी मिळाली ती याच काळात, १५९६ साली. एका नटाच्या घराण्याला हा मान कसा, म्हणून एका हेराल्डने पुढे कुरकुर केलीच.

घरातल्या घरात चिन्ह कसे उतरावे, याचेही बारीक नियम आहेत. बाप हयात असता थोरल्याने त्याच्या ढालीवर एक आडवी पट्टी जोडायची, दुसऱ्याने चंद्रकोर, तिसऱ्याने तारा, अशी ओळीने भर घालायची रीत आहे. अविवाहित मुलीने बापाचे चिन्ह ढालीवर नव्हे तर शंकरपाळीच्या आकारावर धारण करायचे. या तपशिलात फार शिरण्याचे कारण नाही. भावाभावांत एकच चिन्ह जसेच्या तसे असू नये, हा त्याचा गाभा.

कायद्याचे दात मात्र इंग्लंडमध्ये आता बोथट झाले आहेत. असे दावे चालविणारे 'कोर्ट ऑफ शिव्हलरी' दोनशेहून अधिक वर्षे भरलेच नव्हते. १९५४ च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या नगरपालिकेने एका नाट्यगृहाविरुद्ध तेथे दावा लावला. पडद्यावरच्या झालरीवर आणि कंपनीच्या शिक्क्यावर त्या नाट्यगृहाने नगराचे चिन्ह वापरले होते. पहिला प्रश्न असा उपस्थित झाला की, असे न्यायालय अस्तित्वात तरी आहे काय! मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड गोडार्ड यांनी ते आहे असे ठरविले, निकाल नगरपालिकेच्या बाजूने दिला आणि पुन्हा असा दावा चालवायचा असेल तर आधी संसदेने कायदा करून या न्यायालयाला नवा आधार द्यावा, असे सुचविले. तसा कायदा झाला नाही आणि ते न्यायालय त्यानंतर भरले नाही.

स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे. तेथील 'लॉर्ड लायन' हा अधिकारी चिन्हे देतो आणि न्यायाधीश म्हणूनही बसतो. १५९२ आणि १६७२ साली तेथील संसदेने केलेले कायदे आजही लागू आहेत. १६७२ पासूनची सार्वजनिक नोंदवही तेथे चालू आहे, आणि नोंद नसलेले चिन्ह वापरणे हा गुन्हा ठरतो. त्यासाठी सरकारी फिर्यादीही नेमलेला असतो. साध्या कुळबंधूंसाठी मात्र तेथे एक सुरेख रिवाज आहे. कुळाच्या नायकाचे चिन्ह त्याचे एकट्याचे; पण त्या चिन्हातील शिरस्त्राणावरचा तुरा तेवढा पट्टा-बक्कलाच्या वर्तुळात घालून कुळातील कोणालाही बिल्ला म्हणून मिरवता येतो. पट्टा-बक्कलाचा अर्थच असा की, हे चिन्ह माझे नाही, मी या नायकाच्या कुळातला आहे.

या कायद्याची चुणूक डोनाल्ड ट्रम्प यांनाही मिळाली आहे. अॅबर्डीनशायरमधील त्यांच्या गोल्फ मैदानासाठी वापरावयाचे चिन्ह लायनच्या दप्तरी नोंदलेले नव्हते. अखेर रीतसर अर्ज करून २०१२ साली वेगळे चिन्ह मंजूर करून घ्यावे लागले. अमेरिकेत असा कायदाच नाही. तेथे त्यांच्या फ्लोरिडातील वाड्यावर जे चिन्ह मिरवते, ते मुळात १९३९ साली जोसेफ डेव्हिस या राजनीतिज्ञाला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दिलेले होते, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१७ साली उघड केले. डेव्हिसच्या फितीवर 'इंटेग्रिटास' म्हणजे 'सचोटी' असा शब्द होता. तो काढून त्या जागी 'ट्रम्प' घातला गेला.

इतका नियमबद्ध असलेला हा इंग्रजी रिवाज हिंदुस्थानात आला तो मात्र वेगळ्या हेतूने. मुंबईचे दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांना १८४२ साली 'सर' हा किताब आणि १८५७ साली वंशपरंपरागत बॅरोनेटपद मिळाले. त्यासोबत आलेल्या चिन्हाखाली 'उद्योग आणि औदार्य' अशा अर्थाचे इंग्रजी ब्रीद होते. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा पाहता ते ब्रीद त्यांनी खरे केले, असेच म्हणावे लागेल. पण त्या पदाबरोबर एक अटही आली. जो वारस गादीवर येईल त्याने स्वतःचे नाव टाकून 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव धारण करावे, अशी कायद्यानेच व्यवस्था झाली. चिन्ह देणाऱ्याने नावही बांधून घेतले.

याचे खरे दर्शन घडले ते १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत. व्हिक्टोरिया राणीने 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' हा किताब धारण केल्याची द्वाही फिरविण्यासाठी व्हॉइसरॉय लॉर्ड लिटनने दरबार भरविला. त्याआधीच्या दरबारांत नजराणा आणि खिलत यांची देवघेव होत असे. ती मुघलकालीन रीत मोडून लिटनने प्रत्येक संस्थानिकाला एक पदक आणि एक भव्य रेशमी ध्वज दिला. त्या ध्वजावर त्या संस्थानिकाचे युरोपीय धर्तीचे कुलचिन्ह होते. बंगाल सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर नावाच्या हौशी अधिकाऱ्याने ही चिन्हे रचली होती. ध्वजाच्या पितळी दांड्यावर सर्वांत वर ब्रिटनचा मुकुट बसविलेला होता. हा ध्वज जेव्हा जेव्हा उलगडाल तेव्हा इंग्लंडच्या सिंहासनाशी असलेल्या निकटच्या संबंधाचे स्मरण ठेवा, अशा आशयाचे शब्द लिटनने ध्वज देताना उच्चारले.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. टेलरने ही चिन्हे शून्यातून काढली नव्हती. मेवाडच्या चिन्हात एका बाजूला भिल्ल आणि दुसऱ्या बाजूला राजपूत आहे, ती हळदीघाटीची स्मृती. होळकरांच्या नाण्यांवर मार्तंडाचा सूर्य त्या दरबाराच्या कितीतरी आधीपासून तळपत होता; अहिल्याबाईंच्या नाण्यांवर तर शिवलिंग आणि बिल्वपत्र होते. ही सामग्री देशीच होती. बदलला होता तो देणारा. ज्या घराण्यांनी आपली निशाणे रणात मिळविली होती, त्यांना ती आता शिमग्याच्या पोस्तासारखी वरून मिळाली, आणि मिळताना वर परक्याचा मुकुट आला. त्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही होते. वय वर्षे तेरा. अवघ्या दीड वर्षापूर्वी ते नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातल्या शेतकरी घरातून दत्तक आले होते. त्यांनाही त्या दिवशी इंग्रजी दौलतीचा 'खास पुत्र' अशा अर्थाचा फारसी किताब मिळाला. दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ पडलेला होता.

त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातच्या सुताच्या खादीचा पोशाख करून गेले होते. रेशमी ध्वजांच्या त्या गर्दीत प्रजेची बाजू मांडण्यासाठी आलेल्या या माणसाच्या अंगावरची खादी हेही एक चिन्हच होते, आणि ते कोणी दिलेले नव्हते.

मग महाराष्ट्रात कुळाच्या चिन्हांचे रिवाज नव्हतेच काय? होते, आणि पुष्कळ होते. फक्त ते ढालीवर शोधणाऱ्याला सापडत नाहीत. राजमुद्रा हा त्यातील सर्वपरिचित प्रकार. शिवछत्रपतींची अष्टकोनी संस्कृत मुद्रा सर्वांना ठाऊक आहे. पण मुद्रा ही व्यक्तीची असते, घराण्याची नव्हे, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. शंभुराजांची मुद्रा वेगळी, राजारामांची वेगळी. पेशव्यांच्या शिक्क्यावर पेशव्याच्या नावाआधी गादीवरील छत्रपतींचे नाव असे. छत्रपती बदलले किंवा पेशवा बदलला की शिक्का बदलला. पत्राच्या आरंभी शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब, म्हणजे पुढे कोणाला काही घुसडता येऊ नये. हा शोभेचा मामला नव्हता, कारभाराचा होता.

दुसरे देवक. कळंब, उंबर, वड, शमी, पंचपल्लव, मोराचे पीस, अशी कुळाकुळांची देवके. लग्नात देवक बसते, देवकाच्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, आणि अनेक ज्ञातींत एकाच देवकाच्या कुळांत सोयरीक जुळत नाही. या रिवाजाला ना सनद, ना हेराल्ड. तरी तो शतकानुशतके पाळला गेला, आणि तो सरदाराच्या वाड्यापासून गावकुसापर्यंत अनेक घरांत होता. इंग्लंडात कुलचिन्ह हा मूठभरांचा मान. येथे देवक हे ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याच्याही घरी होते.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : निशाणी. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई. त्यावर जमलेल्या गोताची नावे आणि नावापुढे ज्याची त्याची निशाणी. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदार आपल्या कसबाच्या हत्याराची आकृती काढीत. अक्षर येत नसेल, पण सभेत बसण्याचा आणि निवाड्याला साक्ष राहण्याचा हक्क होता, आणि तो त्या ओबडधोबड आकृतीने कागदावर उमटत असे. अर्धी पाटीलकी विकली गेली तर नाव आधी कोणाचे, नांगर आधी कोणाचा, पोळ्याला बैल आधी कोणाचा, होळीची पोळी कोणाची, हे खरेदीखतात कलमवार लिहावे लागे. या मानपानासाठी भाऊबंदांनी पिढ्यान्पिढ्या दावे लढविले. प्रसंगी उकळत्या तेलातून धातूचा रवा काढण्याचे दिव्यही केले. स्क्रोप आणि ग्रोव्हनर यांना हे सारे सहज समजले असते. फरक एवढाच की, तेथे ढालीवर पट्टा होता आणि येथे कागदावर नांगर. भाऊबंदकीची ही हौस महाराष्ट्राला महाग पडली, हेही येथेच नोंदवायला हवे. मानाचे चिन्ह कर्तव्याहून मोठे झाले की काय होते, त्याची साक्ष पेशवे दप्तरातील हजारो कागद देतील.

परंतु नांगराची निशाणी काढणाऱ्या पाटलावर गावाची जबाबदारी होती. वसूल भरायचा, परागंदा झालेली कुळे परत आणून वसवायची, चोरीचा माग काढायचा. वतने गेली, कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने आणि पाटलांचा महसुली अधिकार १९६२ च्या कायद्याने. जबाबदारी संपली आणि आडनाव तेवढे उरले. आता 'पाटील' या आडनावाचे एकच कुलचिन्ह काढायचे तर ते कोणाचे? पाटील मराठा आहेत, आगरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, ब्राह्मणही आहेत. देशमुख, कुलकर्णी, जोशी ही सारी पदांची वा व्यवसायांची नावे. जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही नावे गावकुसाच्या आत आणि बाहेर सारखीच आढळतात. म्हणजे इंग्लंडात जी गोष्ट बेकायदा, ती महाराष्ट्रात अर्थशून्यच ठरते. जी ढाल 'पाटील घराण्याची' म्हणून छापली जाते, ती घेण्याचा हक्क असलेला पाटील या भूमीवर कधी जन्मलाच नाही.

स्वतंत्र भारतात कुलचिन्हे देणारा वा नोंदणारा कोणी अधिकारी नाही, आणि असू नये. घटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद झाले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यताही गेली. कायदा आता रक्षण करतो ते राष्ट्राच्या चिन्हांचे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचाही समावेश आहे. व्यापारासाठी त्यांचा वापर करण्यास तेथे मनाई आहे. २००५ च्या कायद्याने आणि त्याखालील २००७ च्या नियमांनी सारनाथच्या सिंहशीर्षाचा वापर कोणी करावा हे ठरविले आहे. माजी मंत्री व माजी खासदारांनाही ते वापरता येत नाही. ढालीवरच्या परक्या सिंहांसाठी पैसे मोजणाऱ्या समाजाला आपल्या चार सिंहांचा हा नियम ठाऊक असतो काय? पदावरून उतरलेल्यांची पत्रशीर्षे चाळली तर उत्तर मिळेल.

चिन्ह कोणी दिले, या प्रश्नाला अजून धार आहे, हे नौदलाच्या ध्वजावरून दिसले. त्यावरील सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस २००१ साली काढला गेला, २००४ साली परत आला, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'विक्रांत' नौदलात दाखल होताना तो कायमचा उतरला. त्याच्या जागी आलेल्या अष्टकोनाची प्रेरणा शिवरायांच्या राजमुद्रेची आहे. तो कोणा घराण्याचा म्हणून आला नाही, हे विशेष. छत्रपतींची मुद्रा आता कोणा एका कुळाची राहिलेली नाही.

ज्या घरांना आपल्या पूर्वजांविषयी खरोखर आस्था आहे, त्यांच्यासाठी करण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि ते ढाल छापण्याहून अवघड आहे. घरच्या माळ्यावरील रुमाल सोडून पाहावेत. वाळवी लागण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. देवक कोणते, कुलदैवत कोठले, मूळ गाव कोणते, हे वडीलधारी माणसे असेतो विचारून लिहून ठेवावे. माहेरवाशिणींना तर आधी विचारावे, कारण लग्नकार्यातील रीती त्यांच्याच ध्यानात असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि १९१० पासून उभ्या असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद जपून ठेवलेले आहेत. वाचणारे मात्र थोडे आहेत. मोडीचे वर्ग अनेक गावांत चालतात. लिपी येईपर्यंत महजराच्या शेवटच्या ओळी आधी पाहाव्यात. अक्षर लागले नाही तरी नांगर ओळखता येतो, आणि त्याच्या शेजारी कोणाकोणाच्या निशाण्या आहेत, तेही.